आधी पोटरी सैल करा, मग चाला म्हणा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या पुरवणीत ज्येष्ठांनी रोज दहा हजार पावलं चालावं असा लेख आला होता. लेख चांगलाच होता, फक्त लिहिणाऱ्याची पोटरी अजून दुखलेली नसावी. आमच्या इमारतीतल्या दोघी तो वाचून सकाळी उत्साहाने बाहेर पडल्या आणि त्यातली एक बाजीराव रस्त्यावरून रिक्षाने परत आली. दहा हजार हा आकडाही कुठल्या डॉक्टरच्या वहीतला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला निघालं, त्याच्या नावातच 'दहा हजार पावलं' होती. तिथून तो सगळीकडे पसरला. असो. माझं भांडण चालण्याशी नाहीच. ज्याला चार खांब ओलांडता येत नाहीत त्याला नुसतं 'चाला' म्हणून मोकळं होणाऱ्यांशी आहे.

मी ७३ वर्षांची. शनिवार पेठेत ४१ वर्षं ब्लाउज शिवले. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, कात्रीचं मला वाईट वाटत नाही. फक्त मधलाच तुकडा उडवून दोन टोकं जोडू नका.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तुळशीबागेत अस्तर मॅच करायला निघाले की अप्पा बळवंत चौकाच्या आसपास उजवी पोटरी कुणीतरी पिळून धरल्यासारखी व्हायची. थांबले की दोन-तीन मिनिटांत सुटायची. पुन्हा निघाले की तेवढ्याच अंतरावर पुन्हा धरायची. भर रस्त्यात म्हातारी बाई नुसतीच उभी दिसली की लोक विचारतात, "आजी, पत्ता शोधताय का?" म्हणून मी पुस्तकांच्या दुकानांसमोर थांबायला लागले. त्या वर्षभरात दहावीपासून एमपीएससीपर्यंतच्या गाइडांची मुखपृष्ठं मला पाठ झाली.

पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं आता" म्हणून मलम दिलं. ते मी आठ महिने इमानाने चोळलं. मग भाचीने दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चप्पल काढायला लावून माझ्या पावलाच्या वरच्या बाजूला बोटं टेकवली आणि नाडी शोधत बसल्या. पायालाही नाडी असते हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. डावीकडे सापडली, उजवीकडे जेमतेम. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला तसा घोट्यालाही मोजला. दंडाला १४८, घोट्याला ११२. भागाकार केला तर ०.७६. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास किंवा किंचित वर असतो. ०.९ किंवा त्याहून कमी आला की पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं समजतात. मला १९ वर्षं मधुमेह आहे. मधुमेह्यांच्या धमन्या कधीकधी इतक्या कडक होतात की पट्ट्याने दाबल्याच जात नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून त्यांनी दोन्ही पायांच्या अंगठ्यांवरही मोजून खात्री करून घेतली.

या दुखण्याला जर्मन लोक 'दुकानाच्या काचेचा आजार' म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. पाय धरला की माणसं काचेतला माल बघतोय असं दाखवत उभी राहतात, म्हणून. मी त्यांना माझ्या गाइडांचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की बाहेरच्या पेशंटने आत डोकावून बघितलं.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून एक गोळी आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी सुरू झाली. बिडी-सिगरेट ओढता का, हा प्रश्न मलाही विचारला. मी ओढत नाही. पण या आजाराचं सगळ्यात मोठं कारण तंबाखूचा धूर आहे. तेव्हा जे ओढतात त्यांनी आधी ती विझवावी आणि मग माझं पत्र पुढे वाचावं. चालायलाही सांगितलंच: दुखेपर्यंत चाला, थांबा, सुटलं की पुन्हा चाला, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. हा या आजारावरचा जुना आणि खात्रीचा इलाज आहे. लेखात नेमकं हेच नव्हतं. त्यात 'दुखलं तर थांबा' एवढंच होतं. थांबल्यावर पुन्हा निघायचं असतं, हे कुणी सांगायचं?

पण मला चालताच येईना, कारण घोटा वाकत नव्हता. हे शोधलं फिजिओवाल्या मुलीने. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितला. गुडघा टेकलेला ठेवून पायाचा अंगठा भिंतीपासून जितका लांब नेता येईल ते माप. ती पट्टी शोधत होती. मी पिशवीतून माझा टेप काढून दिला. उजवा पाय दीड इंच, डावा सव्वादोन. चांगल्या घोट्याचं साधारण चार इंच भरतं, असं ती म्हणाली. चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, स्वतःच्या घोट्याचं माप पहिल्यांदाच वहीत लिहिलं.

हे आखडलं कधी, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझं पहिलं मशीन पायाचं. दिवसाला सहा-सात ब्लाउज म्हणजे पावलं दिवसभर वरखाली, टाच-चवडा, टाच-चवडा. कपडे धुणं मोरीत उकिडवं बसून, कापणं जमिनीवर पसरून, संडासही वाड्याच्या मागचा, जुन्या पद्धतीचा. टाच टेकवून उकिडवं बसलं की पोटरी पुरती ताणली जाते. ते आम्ही दिवसातून दहा वेळा करायचो आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. २००९ साली मशीनला मोटार बसवली, पाय नुसता दाबून ठेवायचा. २०१२ साली वाडा पडला आणि आम्ही लिफ्टच्या इमारतीत आलो. कमोड, उभा ओटा, कपडे धुवायचं मशीन. गुडघ्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पोटरीला लांब व्हायचं काही कारणच उरलं नाही. त्यात साखर वाढलेली असली की टाचेमागची ताठ शीर आणि सांध्याभोवतीचे बंधही कडक होत जातात. टाच लवकर उचलली जाते, पाऊल अर्धंच पडतं आणि आधीच रक्त कमी पोचत असलेली पोटरी जास्त राबते.

तेव्हा रोज पोटरी ताणायची, असं ठरलं. मला पटलं नव्हतं. कापड ओढून लांब करता येतं पण रक्त कसं वाढेल? माझी भाची नर्सिंगला शिकवते, तिने सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगते. बाहीत घालायचं इलास्टिक ओढलं की बारीक होतं. पोटरी ताणली की आतल्या केशवाहिन्यांचंही तसंच होतं. ताण धरलेला असतो तेवढा वेळ रक्त उलट कमीच जातं. सोडलं की नळावरचं बोट काढल्यासारखं येतं. धमनीला आतून एक अस्तर असतं (हा शब्द ऐकल्यावर मी सावरून बसले), रक्ताचा लोंढा त्याला घासून गेला की ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं आणि धमनी सैलावते. हा शोध लावणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं आहे. वय आणि साखर हे अस्तर खराब करतात. आणि अस्तर आखडलं की वरचं कापड कितीही भारी असो, ब्लाउज अंगावर बसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात म्हाताऱ्या उंदरांच्या पोटऱ्या पावलाला पट्टी बांधून रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, असं चार आठवडे ताणून ठेवल्या होत्या. त्या स्नायूत केशवाहिन्या वाढल्या आणि हालचालीच्या वेळी रक्तही जास्त पोचलं. उंदरांना तुळशीबागेत जायचं नसतं, हे मी भाचीला म्हटलंच. मग तिने सांगितलं की नंतर माझ्यासारख्याच, पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या काही वयस्क माणसांनाही असा पट्टा लावून पाहिला आणि सहा मिनिटांत त्यांचं चालून होणारं अंतर वाढलं. माणसं मोजकीच होती, तेव्हा यावर फार नाचू नये. पण करून बघायला पैसे पडत नाहीत.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते जरा सविस्तर, कारण इथेच सगळे चुकतात. भिंतीला तळवे टेकवायचे, एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला डकवल्यासारखी, पाऊल नाकासमोर. पुढचा गुडघा वाकवत भिंतीकडे झुकायचं, पोटरीत ओढ जाणवेपर्यंत, दुखेपर्यंत नाही. तीस सेकंद धरायचं. मग टाच न उचलता मागचा गुडघाही थोडा वाकवून पुन्हा तीस सेकंद. हे दोनदा का, तर पोटरीत एकाखाली एक असे दोन स्नायू आहेत. वरचा गुडघ्याच्या वरून निघतो म्हणून तो गुडघा सरळ असतानाच ताणतो. आतला गुडघ्याच्या खालून निघतो, त्याच्यापर्यंत गुडघा वाकवल्याशिवाय पोचता येत नाही. दोन्ही पायांना तीन-चार वेळा. मी पहिला महिनाभर पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवून करत होते. तसं केलं की ताण चोरला जातो आणि आपल्याला वाटतं काय छान जमतंय. फिजिओवालीने माझ्या पायामागे फरशीची रेघ दाखवून ती चोरी पकडली.

हिसके द्यायचे नाहीत. उरेब म्हणजे तिरकं कापलेलं कापड हिसक्याने ओढलं की कड वाकडी होते आणि परत जागेवर येत नाही. हळू धरलं तर ते स्वतःच लांबतं. श्वासही कोंडायचा नाही, रक्तदाब चढतो. मी तीस आकडे मोजण्याऐवजी 'भीमरूपी'ची कडवी म्हणते, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो.

ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी पट्टा. दोन पदरी मांजरपाट, रुंदी दोन इंच, लांबी साठ इंच, एका टोकाला चवडा जाईल एवढा फास आणि त्याला दुहेरी टीप. पलंगावर पाय लांब करून बसायचं, पाठीला उशी, चवड्यात फास घालून पाऊल स्वतःकडे ओढून धरायचं. टीव्ही बघताना जमतं. आतापर्यंत अकरा पट्टे शिवून दिले. बारावा मागायला आलेल्या गृहस्थांना काळा हवा होता. मांजरपाट काळा मिळत नाही म्हटलं तर हिरमुसले.

मांडीच्या वरचा भाग, जिथे पाय कमरेला जोडलेला असतो, तोही बसून बसून आखडतो. मग पाय मागे जातच नाही. म्हातारपणी आपण चालतो कुठे, पुढे पुढे सरकतो. त्यासाठी खुर्चीची पाठ धरून एक पाय मागे नेऊन कंबर पुढे ढकलायची, पोक न काढता. हे मी अजून नीट करत नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

आमच्या जुन्या वाड्याच्या उंबरठ्यावर चवडे ठेवून टाचा खाली टेकवल्या असत्या तर हे सगळं तिथेच झालं असतं. पण उंबरठ्यावर उभं राहिलं की आजेसासूबाई ओरडायच्या. आणि ताण देऊन सांधे हलते ठेवायला पुण्याला कुणी परदेशातून सांगायला नको. पट्टा, खुर्ची, भिंतीतले दोर घेऊन आजारी माणसालासुद्धा आसनात आधार देता येतो, हे बी. के. एस. अय्यंगारांनी (१९१८–२०१४) याच गावात, १९७५ साली सुरू केलेल्या संस्थेत हजारोंना शिकवलं. आपण ते सगळं ठेवलं योगवर्गात आणि म्हाताऱ्यांना धाडलं हास्यक्लबात. हसायला माझी हरकत नाही, पण पोटरी हसत नाही.

काही जणांनी मात्र हे डॉक्टरांना न विचारता करू नये. पायाला जखम आहे आणि ती भरत नाही, रात्री झोपेतही पाय दुखतो, पाऊल गार किंवा निळसर पडलंय, त्यांनी भिंतीकडे नाही, दवाखान्याकडे जावं, तेही त्याच दिवशी. एकच पोटरी अचानक सुजली, गरम आणि दुखरी झाली, तर आत गुठळी असू शकते. ती ताणायची तर नाहीच, चोळायचीही नाही. मधुमेह्यांनी आधी तळवे आरशात बघावेत, कारण बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी सर्जनला विचारावं. हाडं ठिसूळ असलेल्यांनी पाठीत वाकून पायाचे अंगठे पकडायच्या फंदात पडू नये.

आणि चालताना पाय दुखतो म्हणजे धमनीच, असंही नाही. आमच्याच मजल्यावरच्या एका आजोबांचे दोन्ही पाय चालताना भरून येतात. पण ते नुसते उभे राहिले तर दुखणं थांबत नाही, बसावंच लागतं. भाजीची हातगाडी ढकलत चालले तर मात्र अर्धा किलोमीटर जातात. त्यांचं दुखणं कमरेच्या मणक्यात निघालं, पुढे वाकलं की नस मोकळी होते. माझं उभं राहिलं की जातं. एवढा एक फरक डॉक्टरांना नीट सांगितला तर आठ महिने मलम चोळावं लागत नाही.

मला किती फरक पडला? फिजिओवालीने पहिल्या दिवशी सहा मिनिटं चालवून मोजलं तेव्हा २१० मीटर झाले होते, नऊ आठवड्यांनी २६५. घोटा उजवा अडीच इंच, डावा तीन. त्यात गोळ्यांचा वाटा किती, चालण्याचा किती आणि ताणण्याचा किती, हे मी सांगू शकत नाही. शिवणीत कुठला धागा जास्त भार घेतो ते उसवल्याशिवाय कळत नाही आणि मला उसवून बघायचं नाही. घरापासून ओंकारेश्वरापर्यंत पूर्वी तीन थांबे घ्यायचे, आता एक. तोही कधीकधी सवयीने.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. आमच्या भागातल्या एका बागेत रंगीबेरंगी व्यायामाची यंत्रं बसवली आहेत. पाय मागेपुढे हलवायचं यंत्र आहे, त्याची पायरी सोळा इंच उंच. मी टेप लावून बघितलं. तिथे चढता आलं असतं तर व्यायामाची गरजच काय होती? खांदे फिरवायचं चाक आहे, त्याला लहान मुलं लोंबकळतात. भिंतीला मात्र धरायला काही नाही, कारण भिंतीला लागून शोभेची झुडपं लावली आहेत. बाकांना हात नाहीत, त्यामुळे बसलेला म्हातारा उठायला दुसऱ्या म्हाताऱ्याला बोलावतो.

आम्हाला यंत्रं नकोत. कुठल्याही बागेत एका भिंतीला दहा फूट लांबीचा लोखंडी दांडा, जमिनीपासून चौतीस ते छत्तीस इंचांवर, मुठीत मावेल एवढ्या जाडीचा. खाली घसरणार नाही अशी फरशी. एका टोकाला टाच खाली आणि चवडा वर राहील असा लहानसा उतार, दीड-दोन इंचांचा, पुरे. सोबत हात असलेले दोन बाक. एका यंत्राच्या पैशात हे बहुधा होऊन जाईल आणि त्याला तेलपाणीही लागणार नाही. पेठांमधल्या रस्त्यांवरही अधूनमधून असा बाक हवा. धमनीच्या आजारात थांबून पुन्हा निघणं हाच इलाज आहे आणि थांबायला जागा नसलेल्या रस्त्यावर माणूस घराबाहेरच पडत नाही. प्रत्येकाच्या वाटेत पुस्तकांची दुकानं नसतात. या मागणीचा अर्ज मी संबंधितांकडे दोनदा दिला. एकदा पोच मिळाली, एकदा सूचनापेटी दाखवली.

तोवर आम्ही चौघी सकाळी सहाला त्या बागेच्या लोखंडी फाटकालाच धरून उभ्या राहतो. पहिल्या दिवशी रखवालदार धावत आला, "आजी, फाटक ढकलू नका, उघडंच आहे." त्याला पोटरीचं समजावून सांगितलं. आता तो सहा वाजता एकच दार उघडतो आणि दुसरं वीस मिनिटं आमच्यासाठी कडी लावून ठेवतो. गेल्या सोमवारी त्याने विचारलं, त्याच्या आईसाठी पट्टा शिवून मिळेल का. काळा नको म्हणाला.

आपली,
एक जुनी शिवणकामवाली
शनिवार पेठ, पुणे